वहीबाहेरची माणसं

लिंबखेडीच्या फाट्यावर जो फ्लेक्स लागला होता, त्यावर पाळकबाबांशिवाय कुणीच नव्हतं. मधोमध त्यांचा फोटो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि एरवी जिथं पन्नास माणसं दाटीवाटीनं, काळे चष्मे लावून, 'शोकाकुल' म्हणून उभी असतात, तिथं पांढरीफट्ट जागा. मंठ्याच्या अबुबकरनं छापतानाच विचारलं होतं, "आपा, नीचे किसके नाम डालूँ?" दीपमाला म्हणाली, कुणाचंच टाकू नको. अबुबकरला वाटलं, बाईला दुःखात सुचत नसेल. एवढा मोठा माणूस, खाली मोकळं बरं दिसत नाही, असं तो दोनदा बोलला. शेवटी त्यानं स्वतःच्या मनानं त्या मोकळ्या जागेत दोन कबुतरं टाकली.

पाळक याकोब हिवाळे शनिवारी पहाटे गेले. वय सत्त्याऐंशी. चोपन्न वर्षं ते या गावात राहिले आणि मांगवाड्याच्या टोकाला जे पत्र्याचं चर्च आहे, ते त्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलं. दीपमाला त्यांची एकुलती एक लेक. वय एकोणपन्नास, लग्न मोडून माघारी आलेली, गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. दफन रविवारी अकराला होतं आणि सकाळी सातपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. घासलेली भांडी तिनं पुन्हा घासली. बर्फाच्या लाद्यांखालचं पाणी पुसलं, तोवर दुसरं झालं. चर्चमधल्या सतरंज्या एकदा अंथरल्या, वाकड्या वाटल्या म्हणून परत उचलल्या. आलेल्या बायकांना वाटलं, बापाच्या मागं पोरगी सैरभैर झालीय. पोरगी सैरभैर नव्हती. पोरगी रागावलेली होती, आणि राग कुणावर काढायचा हे तिला ठरवता येत नव्हतं.

आठच्या सुमाराला कल्याण आला. समोरून नाही, मागनं, पऱ्हाट्यांच्या गंजीला वळसा घालून. कल्याण म्हणजे ती जिथं खिचडी शिजवते त्या शाळेचा मुख्याध्यापक. दोघं एका वयाचे, एका वाड्यातले, एका पाटीवर शिकलेले. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं, काचही खाली.

"हेल्मेट काढ आधी," ती म्हणाली. "बाबा हायेत आत. ट्रॅफिक पोलीस न्हाई."

त्यानं काच तेवढी वर केली. मोजक्या वाक्यांत बोलायचं ते बोलला. शहरातून मोठे साहेब येणार, ते बाबांचा जीवनवृत्तांत वाचणार. ते जे वाचतील ते दीपमालानं मुकाट ऐकावं. वर काही बोलू नये. वाड्यातल्याच भागवत तलाठ्याच्या जातीच्या दाखल्याविरुद्ध कुणीतरी अर्ज टाकलेला, त्याची सुनावणी उद्या सोमवारी होती. अर्ज टाकणाऱ्याचा मेहुणा आज मोबाइल घेऊन येणार, कोण चर्चमध्ये बसलंय, कोण गाणं म्हणतंय, सगळं टिपणार. कल्याण स्वतः आत येणार नव्हता. रस्त्यावरनं हात जोडणार होता.

"दीपे, एकट्या भागवतचा सवाल न्हाई. आपल्या एकशे सत्त्याऐंशी माणसांचा सवाल हाये."

"आपल्या?" तिनं विचारलं. "महं नाव हाये का त्यात?"

कल्याणनं काच खाली घेतली.

आता ही भानगड बाहेरच्या माणसाला सांगायची म्हणजे लाजच आहे, पण सांगितलीच पाहिजे. सरकारचा असा समज आहे की मांगाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं की त्याची जात धुऊन जाते. म्हणून तो ख्रिस्ती झाल्याचं कागदावर आलं की सवलत बंद. गावाचा असा समज कधीच झाला नाही. गावानं त्याला पोळ्याला दोर मागितले, मेलेलं ढोर ओढायला बोलावलं, आणि हॉटेलात त्याची कपबशी कितीतरी वर्षं वेगळीच ठेवली. म्हणजे मार खायला मांग आणि दाखला मागायला गेलं की साहेब म्हणतो, तुम्ही तर ख्रिस्ती. या दोन दगडांच्या मधे जी माणसं सापडली, त्यांनी दोन नावं ठेवली. एक कागदावरचं, एक चर्चमधलं. जो याला ढोंग म्हणतो त्यानं एक दिवस त्या कपानं चहा पिऊन बघावा.

पाळकबाबांना हे सुरुवातीला कळलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ते इथं आले, तेव्हा त्यांच्याकडे मिशनची एक जाड वही होती, बाप्तिस्म्याची नोंदवही. प्रत्येक नाव ते टाकाच्या निबानं, वळणदार लिहायचे. चौदा वर्षांत चौदा नावं झाली. त्यात दीपमालाचं होतं, शहात्तर साली पाळण्यातली असताना लिहिलेलं. शेजारच्या चांगुणाबाईच्या थोरल्या पोराचंही होतं, बद्रीनाथचं.

शहाऐंशी साली एक माणूस आला. पायात बूट, काखेत फाइल. म्हणाला, तुमच्या मंडळीची माहिती पाहिजे. बाबांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाची चौकशी कुणी केली नव्हती, मिशननंसुद्धा नाही. त्यांनी त्या माणसाला खुर्ची दिली, शेजारून दूध मागून चहा केला, आणि वही उघडून एकेका नावावर बोट ठेवून अभिमानानं वाचून दाखवली. बद्रीनाथच्या नावावर तर ते थांबले. म्हणाले, हा जालन्याला सरकारी हापिसात शिपाई हाये, मंडळीतला पहिला नोकरदार. माणसानं चहा संपवला आणि बद्रीनाथचं नाव उतरवून घेतलं.

दोन महिन्यांत बद्रीनाथची नोकरी गेली. तो सुरतेला जातो म्हणून गेला, तो गेलाच.

त्या दिवसापासून बाबांनी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. पाणी देणं मात्र थांबवलं नाही. नाल्याच्या डोहात, अंगणात, एकदा तर दवाखान्यात सलाइनच्या बाटलीशेजारी त्यांनी बाप्तिस्मे दिले. नावं तोंडपाठ ठेवली. रोज पहाटे, तोंड धुवायच्या आधी, ओट्यावर बसून दोरासाठी वाख वळता वळता ती सगळी नावं मोठ्यानं प्रार्थनेत घ्यायची, हा त्यांचा नेम. चर्चमधलीच नावं. प्रत्येक नावामागं भिंतीपलीकडून चांगुणाबाई म्हणायची, "सांभाळ, बापा." जिचं पोर या वहीनं खाल्लं ती बाई. दीपमालाची झोप लहानपणापासून त्या नावांनी मोडायची. अंथरुणात पडून ती वाट बघायची, आता महं येईल, आता येईल. कधी आलं नाही. एकदा तिनं विचारलं तर बाबा म्हणाले, तुहं लिवलेलं हाये ना वहीत, ते कुठं जातंय? जे लिवलं न्हाई ते विसरू नाही म्हणून म्हणतो.

आणि तेच लिहिलेलं नाव तिला नडलं. चौऱ्याण्णव साली जातीच्या दाखल्यावर तिचा नर्सिंगला नंबर लागत होता. कल्याणचा डी.एड.ला लागला, वाड्यातल्याच सुरेखाचा नर्सिंगला लागला, त्यांच्या चौकशीला बाबांनी तोंडावर सांगितलं की असली माणसं मह्या वहीत न्हाईत, आणि ते शब्दशः खरं होतं. लेकीच्या चौकशीला आले तेव्हा म्हणाले, ती हाये. दीपमाला पाया पडली, रडली. एक पान फाडा, कुणाला कळणार? बाबांचं उत्तर तिला आजही बोचायचं. "लोकाच्या लेकराचं न लिवणं येगळं, लिवलेलं फाडणं येगळं. अन् फाडायचंच व्हतं तर बद्रीनाथचं फाडलं असतं. मह्या लेकीपुरतं फाडलं तर चांगुणेला काय तोंड दाखवू?"

नर्स व्हायची ती आता खिचडी शिजवते. कल्याण तिच्या हजेरीवर सही करतो.

साहेब साडेनऊला आले. मिशनचे अधीक्षक होते ते, सहा तालुक्यांचे, पांढरा झगा हँगरला लावून गाडीत टांगलेला. वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, त्या आठवड्यातलं हे तिसरं दफन. त्यांनी फाइलमधून टाइप केलेला एक कागद काढला, सोबत ती जुनी वहीही आणली होती. दोन हजार तीन साली मिशननं इथलं ठाणं बंद केलं तेव्हा मुख्य कार्यालयानं ती जमा करून घेतली होती. ठाणं बंद का केलं, तर फळ नाही म्हणून. सतरा वर्षांत एक बाप्तिस्मा नाही, असा पाळक ठेवायचा कशाला? बाबांनी खुलासा दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून दोर वळून पोट भरू लागले आणि रविवारी तसेच उभे राहत गेले.

दीपमालानं कागद वाचला. अर्धं पान होतं. जन्म, शिक्षण, सेवाकाल. मग एक वाक्य: कै. हिवाळे यांनी खडकाळ जमिनीत निष्ठेने पेरणी केली, परंतु एकूण चौदा आत्म्यांनीच प्रतिसाद दिला.

"साहेब, हे काय लिवलं?"

"रेकॉर्ड आहे ताई," ते म्हणाले. "मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण जे कागदावर नाही ते मी कसं वाचू? तुमच्याकडं दुसरी काही नोंद असेल तर आत्ता सांगा. मी हातानं लिहून घेतो. त्यांचं नाव सुधारेल, वार्षिक अहवालात जाईल."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. एकशे सत्त्याऐंशी नावं तिच्या जिभेवर होती. सुरुवातीची चार-पाच तर दातांपर्यंत आली. त्यातलं एक कल्याणचं होतं, आणि कबूलच करायचं तर ते सांगताना तिला गोड वाटलं असतं. मुख्याध्यापकाची खुर्ची कशी डुगडुगते ते तिला बघायचं होतं. तीस वर्षं बघायचं होतं.

"न्हाई काही नोंद," ती म्हणाली, आणि आत जाऊन मोकळ्या माठावर हात आपटला. माठ फुटला.

साहेब झगा चढवायला गेले. चांगुणाबाई दारात बसून घंटेची दोरी हातात धरून होती. नव्वदीची म्हातारी, दोरी बाबांनीच वळलेली. माठाच्या खापऱ्यांकडे बघत तिनं विचारलं, काय झालं. दीपमालानं सांगितलं, चौदा म्हणणार हायेत.

"म्हणू दे," म्हातारी म्हणाली. "त्या चौदात महा बद्री हाये. तेवढं तर खरं म्हणतेत."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे बाहेर उभे हायेत. जित्ते हायेत. अजून काय पाहिजे?"

तिनं दोरी ओढली. घंटा वाजली आणि दीपमालाला वाटलं, ही बाई बापाहून अवघड आहे.

अकरा वाजता चर्चमध्ये जेमतेम पंचवीस माणसं होती. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, ज्यांना दाखल्याशी काही देणंघेणं नाही अशी. बाकीचा सगळा जमाव रस्त्यापलीकडे, लिंबाखाली. कुणी उपरण्यानं तोंड झाकलेलं, कुणी मोबाइलवर खोटंच बोलत असलेलं. सुरेखा नर्स जालन्याहून आली होती, ती गाडीतून उतरलीच नाही. शेतमालकांच्या घरची माणसं मात्र बिनधास्त पायऱ्यांवर बसली होती. त्यांना कुणी विचारणार नव्हतं. बाबांच्या हातचा दोर तीन पिढ्या त्यांच्या बैलांच्या गळ्यात होता. खिडकीशी तो मेहुणा मोबाइल धरून उभा. आणि कल्याण? तो रस्ता आणि दार यांच्या मधे, हेल्मेट घालून, धड इकडे ना तिकडे.

साहेबांनी वृत्तांत वाचला. आवाज चांगला होता. 'चौदा' हा आकडा त्यांनी जरा हळू म्हटला, लाज राखावी तसा. दारापलीकडे कुणीच हललं नाही. दीडशेवर धडधाकट माणसं आपल्या पाळकाला वांझोटा म्हटलेलं ऐकत सावलीत उभी राहिली. दीपमालाला शिसारी आली. त्यांची आली, बापाची आली, स्वतःचीही आली.

"घरच्यांपैकी कुणी प्रार्थना करील का?" साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

ती उठली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पेटीशी गेली, लाकडावर हात ठेवला. दाराकडे बघून तिला शिवी आठवत होती. तोंडातून मात्र निघालं ते रोज पहाटेचं पहिलं नाव.

"एलीशिबा," ती म्हणाली.

दारातून लगेच, सवयीनं, चांगुणाबाईचा आवाज आला. "सांभाळ, बापा."

"नथनेल."

"सांभाळ, बापा."

"बर्णबा. तबीथा. नामी. स्तेफन."

चढ-उतार न करता, बाबा जसे वाख वळता वळता म्हणायचे त्याच ठेक्यात ती म्हणत गेली. ही नावं कुठल्या शिधापत्रिकेवर नव्हती, दाखल्यावर नव्हती, मतदारयादीत नव्हती. ज्याचं त्याला ठाऊक, वाड्याला ठाऊक, आणि ज्यानं ठेवलं त्याला. तो पेटीत होता. लिंबाखाली मोबाइलवर खोटं बोलणाऱ्या एकाचा हात कानावरून खाली आला. भागवतनं उपरणं तोंडावरून डोळ्यांवर घेतलं. सुरेखाच्या गाडीची काच चार बोटं खाली आली आणि तिथंच थांबली. नाव आलं की एक माणूस मान खाली घाली, पुढचं आलं की दुसरा. वाऱ्यानं ज्वारी लवत जावी तसं ते रस्त्यापलीकडे चाललं होतं, पण ते दिसायला तुमचं नाव त्यात असावं लागतं.

खिडकीशी मेहुण्यानं शेजारच्याला विचारलं, ही कोण माणसं? पायरीवरच्या एका पाटलानं बिडी विझवत सांगितलं, "बायबलातलं कायतरी वाचून राह्यली." मेहुण्यानं मोबाइल खिशात घातला.

साठ-सत्तर नावांनंतर 'सांभाळ, बापा' एकट्या चांगुणाबाईचं राहिलं नाही. आतल्या बायका म्हणू लागल्या, पायरीवरचे दोघं-तिघं म्हणू लागले, आणि मग दारापलीकडूनही एक जाडसर पुटपुट यायला लागली. कोण म्हणतंय ते सांगता येत नव्हतं. एकशे सत्त्याऐंशीवं नाव संपलं तेव्हा दीपमालाच्या घशाला कोरड पडली होती.

साहेब तिच्याजवळ वाकले. हळूच म्हणाले, "ही नावं वहीत नाहीत."

"न्हाईत."

"मग कोणाची?"

"बाबांची."

साहेबांनी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग त्या लवलेल्या मानांकडे. माणूस मूर्ख नव्हता. त्यांच्या हातातला टाइप केलेला कागद हळूहळू चौघडी झाला. अहवालासाठी त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

ती बाजूला होणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एक राह्यलं."

कल्याण दारात होता. उंबऱ्याच्या आत. हेल्मेट हातात, केस घामानं चिकटलेले. पायरीवरचे वळून बघत होते.

"दीपमाला," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

मग नव्वदीच्या त्या म्हातारीनं, जणू रोजचंच आहे अशा आवाजात, म्हटलं, "सांभाळ, बापा."

दीपमालाला रडू आलं नाही. पहिल्यांदा आला तो रागच. इतकी वर्षं तिच्या हजेरीवर सही करणारा हा माणूस एका शब्दात मोकळा होऊ पाहतोय, आणि पेटीतला तो दुसरा तर तेवढाही शब्द न बोलता गेला. माफ केलं असं तिला वाटलं नाही आणि तिनं तसं दाखवलंही नाही. पण पेटीला सहा खांदे लागत होते आणि आत धड माणसं चारच होती.

"बघत काय राह्यला गुरुजी?" ती म्हणाली. "खांदा लावा."

कल्याण पुढं आला. त्याच्या मागं रस्त्यापलीकडून आणखी एकजण निघाला, भागवत होता की दुसरा कुणी, उपरण्यामुळं कळलं नाही. पेटीखाली घालायचे दोर चांगुणाबाईनं कोपऱ्यातून ओढत आणले, गेल्या पोळ्याला वळलेले, अजून विकायचे राहिलेले. कल्याण वाकणार, पण हातातल्या हेल्मेटचं काय करावं त्याला कळेना. तो इकडेतिकडे बघू लागला.

"हे कुठं ठेवू, दीपे?"

"ठेव त्या वहीवर," ती म्हणाली, आणि पेटीचं पुढचं टोक तिनं स्वतः उचललं.